पनवेलला परकी माणसं शोधताना

पनवेलला कोणी जात नाही, पनवेलवरून जातात. नागपुरात आमच्या शेजारच्या वहिनींनी माझी बॅग बघून विचारलं, "गोवा?" मी म्हटलं, "पनवेल." "आणि मग पुढे?" "पुढे काही नाही. दहा दिवस पनवेलच." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घरात काहीतरी बिनसलंय आणि मी ते लपवतेय. दहाचे बावीस दिवस झाले तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली असणार. परत आल्यावर सगळं सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा कुकरची शिट्टी आडवी आली. म्हणून हे लिहून काढते आहे.

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढे कोणी अडायला नको. मी रक्तातल्या पेशींवर काम करते. तळोज्याच्या एका छोट्या कंपनीने हाडं ठिसूळ होण्यावरचं इंजेक्शन बनवलं होतं आणि ते तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. हे औषध म्हणजे चौतीस मण्यांची एक माळ. आपल्या शरीरात असाच एक पदार्थ तयार होत असतो, त्याचाच हा तुकडा, फक्त कारखान्यात एकेक मणी ओवून केलेला. ओवताना कधी एखादा मणी दोनदा पडतो, कधी राहून जातो. अशा चुकलेल्या माळा नंतर निवडून काढतात, पण काही चिवट असतात आणि औषधातच राहतात. अगदी थोड्या. त्या विषारी नसतात. भीती वेगळीच असते. शरीराला ती चुकलेली माळ परकी वाटली आणि त्याने तिच्याविरुद्ध कंबर कसली, तर त्या भरात ते खऱ्या माळेवरही उठू शकतं, आणि अंगातल्या स्वतःच्या पदार्थावरही. म्हणजे औषध वाया आणि वर नवं दुखणं.

आता कोणाला काय परकं वाटेल, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं आणि ते आईबापांकडून येतं. प्रत्येकाच्या पेशींची चाळण निराळी. एकाच्या चाळणीतून जे सहज गळून जातं, ते दुसऱ्याच्या चाळणीत अडकतं आणि नजरेत भरतं. म्हणून अशा तपासणीला वेगवेगळ्या माणसांचं ताजं रक्त लागतं. ताजं, कारण पेशी जिवंत हव्यात. नागपूरला मागवण्यापेक्षा मीच जावं असं ठरलं. पनवेलच्या एका कॉलेजने प्रयोगशाळा उसनी दिली, परवानग्या झाल्या, आणि मी संत्राबर्फीचे चार डबे घेऊन निघाले.

तळोजा

तळोज्याचा वास रिक्षा वळायच्या आधीच येतो. मी नाकाला पदर लावला, तर रिक्षावाला म्हणाला, "आज तर कमी हाय, ताई. आमी सारखी तक्रार करतो, ते येतात, फोटो काढतात, जातात." उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणारी मी, ऑक्टोबरच्या त्या दमट हवेत दोन तासांत भिजून गेले. आमच्याकडे उन्हाने माणूस वाळतो, इथे उकडून निघतो.

कंपनीत माझी गाठ पडली हरेशशी. पस्तिशीचा, सडसडीत, खिशाला तीन पेनं. पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, घरातला पहिला एम.एस्सी. ही माळ ओवण्याची कृती त्याचीच. त्याने संगणकावर आलेख दाखवला. मधोमध औषधाचा उंच सुळका आणि त्याच्या खांद्यावर एक इवलासा उंचवटा.

"हा एक मणी जास्तवाला," तो म्हणाला. "मॅडम, कॉलम बदलले, सॉल्व्हंट बदलला, हा जातच नाही. क्वांटिटी बघा किती कमी आहे. तुम्ही फक्त सांगा की याने काही होत नाही."

"होत नसेल तर सांगेन."

"माझी आई आहे ना," तो खाली बघत म्हणाला, "तिची हाडं अगदी पापडासारखी झाली आहेत. माशांची पाटी उचलताना मनगट मोडलं, मग शिंकताना मणका दबला. परदेशी इंजेक्शन आम्हाला झेपत नाही. तिला सांगून बसलोय की यंदा आपल्याच कंपनीचं येईल."

मी परीक्षक म्हणून गेले होते. परीक्षकाला असं काही सांगू नये. पण त्याने सांगितलं आणि मी ऐकलं, आणि त्यानंतर तो उंचवटा मला नुसता उंचवटा दिसेना.

नमुने बर्फात घालून थर्माकोलच्या डब्यातून न्यायचे होते. पनवेलमध्ये थर्माकोलचा डबा म्हणजे मासे, याबद्दल कोणाच्या मनात शंकाच नसते. एस.टी. स्टँडवर एक बाई वाकून वास घेऊन गेल्या. रिक्षावाल्याने विचारलं, "पापलेट का सुरमई?" मी म्हटलं, "औषध." तो हसला. "सांगाचं नसल तर राहू द्या."

पनवेल, बाजार

हरेशच्या आईला, हिराबाईंना, मी दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात भेटले. साठीच्या आसपास, पाठीला बाक आलेला, कपाळाला मोठं कुंकू, आणि एका हातात सुरा. पाटी आता सून आणून ठेवते, विक्री मात्र त्यांचीच. पाटावरून उठताना तोल जातो म्हणून हरेशने आणलेली खुर्ची नाकारून त्या लाकडी पाटावरच बसल्या होत्या.

"तू नागपूरची नं? बस. दमलीस," त्या म्हणाल्या. मला 'तू' म्हणणारं माणूस भेटून बरीच वर्षं झाली होती, म्हणून मी मुकाट्याने बसले. त्यांना मी मावशी म्हणायला लागले ते तेव्हापासून.

"आये, मॅडमना सोळा माणसं पायजेत," हरेश म्हणाला. "रगत देवाला. सगली येगयेगली. येगली आडनावं, येगले गाव."

"सोला कनाला, साठ आनतंय मी!" मावशी म्हणाल्या. "किती काढशील?"

"चहाच्या कपाएवढं."

"यवराच? मंग काय."

आणि त्यांनी शब्द पाळला. तिसऱ्याच दिवशी सकाळी कॉलेजच्या दारात सोळा माणसं हजर. कोळी, पाटील, म्हात्रे, घरत, भोईर, ठाकूर, नाखवा. कोणी करंज्याचं, कोणी उरणचं, कोणी आपट्याचं. पहाटे निघून आलेली, धुतलेल्या कपड्यांत, काही बायका तर अंगावर सोनं घालून. आमच्याकडे रक्त म्हटलं की माणसं आधी डॉक्टरांचं पत्र मागतात आणि मग तब्येतीचं कारण सांगतात. इथे एका शब्दावर तीन गावं आली, आणि बिस्किटं दिली तर म्हणाली, "आमालाच कनाला? तुमी खा." मी भारावून गेले. मी मोठ्या हौसेने तयार केलेल्या फॉर्मवर नाव, वय, गाव, आजार, औषधं, सगळं भरून घेतलं.

कोणाची चाळण कोणती, हे ठरवणारी एक तपासणी असते. तिचे नमुने मी बाहेर पाठवले, पण अहवाल यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर आडनाव आणि गाव बघून काम भागवावं, असं मी ठरवलं. असं करू नये. मी केलं.

मग सात दिवस थांबायचं. छोट्या छोट्या वाट्या कोरलेल्या ताटलीत पेशी घालायच्या, त्यात ती चुकलेली माळ घालायची आणि वाट बघायची. पेशींनी परकं ओळखलं तर वाटीच्या तळाशी तिळाएवढे काळे ठिपके उमटतात. ते सात दिवस मावशींनी माझं जेवण ताब्यात घेतलं. तांदळाची भाकरी, जवळा, खाडीतली कोळंबी, आणि निवट्या नावाचा चिखलात उड्या मारणारा एक मासा. त्याचं तोंड बघून मी आधी नाही म्हटलं आणि मग दोनदा वाढून घेतला. आमचा सावजी रस्सा खाऊन कान गरम होतात, इथलं तिखट हळूच येतं आणि उशिरापर्यंत बसून राहतं.

सातव्या दिवशी ताटल्या भिंगाखाली धरल्या. पेशी ठणठणीत होत्या, ओळखीच्या जंतूंचे तुकडे घातलेल्या वाट्यांत ठिपकेच ठिपके. चुकलेल्या माळेच्या वाट्यांत, सोळाच्या सोळा जणांच्या, काहीच नाही. मी तीनदा मोजलं. हरेशला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आईला सांगू?" मी म्हटलं, "सांग."

ते एक वाक्य मला पुढे चांगलंच महाग पडलं.

आपटा

दुसऱ्या दिवशी आपट्याला साखरपुडा होता, मावशींच्या नात्यातल्या मुलीचा. मला आग्रहाचं बोलावणं. रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने दोन-तीन स्टेशनं, की उतरायचं. पाताळगंगा तिथे संथ वाहते, पलीकडे डोंगर, आणि इतकी हिरवाई, की तळोजा इथून जवळच आहे हे पटू नये. नदीच्या बाजूला मांडव होता. मी शिरले आणि बघते तर काय, माझी सोळाही माणसं तिथे. रक्त दिलेले हात एकमेकांना दाखवत, मला बघून हात हलवत. मला इतका आनंद झाला! सगळ्यांना बोलावलंय, किती अगत्य, असं मी मनात म्हणते आहे तोवर करंज्याच्या घरतबाईंनी उरणच्या भोईरांना हाक मारली, "मामा, पानी आना."

मी विचारलं, "हे तुमचे मामा?"

"सख्खे. आन ती पाटलीन माझी आतेबहीन. तो नाखवा तिचा दीर, पन तसा तो माझ्या मावशीचा नातू पन लागतो."

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. मी कागदी ताट उलटं केलं, पेन काढलं आणि त्यावर झाड काढायला बसले. बायकांना मोठी गंमत वाटली. मांडवातल्या सगळ्याजणी भोवती जमून फांद्या सांगू लागल्या. मामाच्या मुलीशी लग्न, आत्याच्या घरी दिलेली, इकडची तिकडे, तिकडची इकडे. अर्ध्या तासात ताट भरलं. सोळांपैकी चौदा जण एकाच झाडाला लागले. आडनावं लग्नांनी बदलली होती, गावं बदलली होती, रक्त तेच होतं. मी सोळा चाळण्या तपासल्या नव्हत्या. फार तर चार-पाच, त्याच त्या, पुन्हा पुन्हा.

चूक मावशींची मुळीच नव्हती. फॉर्म माझा होता आणि त्यावर नात्याचा रकाना नव्हता. मला स्वतःची अशी लाज वाटली, की मुलीची ओटी भरताना मी नारळ घालायचाच विसरले.

हरेशला मी नदीकाठी घेऊन गेले आणि ताट दाखवलं. तो हुशार, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. ताटावरच्या फांद्या तो बोटाने मोजत गेला.

"रिपोर्टमध्ये नातं लिहायला कुठे जागा आहे?" शेवटी तो म्हणाला. आवाज चढलेला. "सोळा माणसं मागितलीत, सोळा दिली. कंपनीला महिनाअखेर उत्तर हवंय. तिकडे आईने बायकांना सांगून टाकलंय की माझं औषध आलं."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग पुन्हा करायचं. परकी माणसं आणून."

मावशी कधी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. कमरेवर हात, पाठीला बाक, आणि नजर माझ्या ताटावर.

"तुना परकी पायजे व्हती?" त्या म्हणाल्या. "मंग तसं सांगाचं. पोराच्या कामाला मी परकी कशी आननार? आपली मानसंच आननार नं!" मग पदर खोचत, "परकी पन हायत माझ्याकरं. चालीस वर्षांची गिऱ्हाईकं हायत."

पुन्हा पनवेल

मासे विकणाऱ्या बाईला किती प्रकारची माणसं ठाऊक असतात, हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. दोन दिवसांत मावशींनी गावातले यूसुफभाई आणले, दोरखंडाचे दुकानदार, आणि त्यांच्याबरोबर कुवेतहून सुट्टीवर आलेला त्यांचा शेजारी. एका दवाखान्यातल्या केरळच्या नर्सबाई आल्या. रेल्वे क्वार्टर्समधले बंगाली बाबू आले, जे मावशींशी रोज वजनावरून भांडतात. तळोज्याचे पाळ्यांत काम करणारे दोन कामगार, एक बिहारचा, एक ओडिशाचा, आणि असेच आणखी सात जण.

यूसुफभाई बाही वर करत म्हणाले, "बाई, खून म्हणजे अल्लाची अमानत. पण हिराबायने कधी शिळा मासा दिला नाय आमाला. तिचं काम नेकीचंच असणार. घ्या."

यावेळी मी प्रत्येकाला एकच प्रश्न चारचार वेळा विचारत होते, "इथे तुमचं कोणी नातेवाईक आहे का?" बंगाली बाबू शेवटी वैतागले.

एका ठिकाणी मावशी अडल्या. मारवाडी, गुजराती कोणीच नव्हतं. "मासली न खानारी मानसं मी कुठून आनू?" त्या अगदी हताश होऊन म्हणाल्या. ती मी आणली. स्टँडजवळच्या शाकाहारी खानावळीचे महाराज आणि त्यांच्या समोरचे कापडवाले शेठ. तरी एक कमी पडत होता. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोनाची? नागपूरची. हिथं तुझं कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग बस खुर्चीवर."

बसले. कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंनी माझा चहाचा कप काढला.

पुढचे सात दिवस मला जेवण गोड लागलं नाही. हरेश कामापुरतं बोलायचा. मावशी मात्र रोज डबा पाठवत राहिल्या, आणि तो उघडताना मला रोज वाईट वाटायचं. मनातून मी काय मागत होते ते कबूल करते: वाट्या कोऱ्या निघू देत. परीक्षकाने असं मागू नये, हेही मला माहीत होतं.

ताटल्या पाहिल्या. तेरा जणांच्या वाट्या कोऱ्या. तीन जणांच्या वाट्यांत ठिपके, चांगले ठसठशीत. नावांऐवजी आकडे असतात. यादी उघडून पाहिली. दोघं कोण, ते मी तेव्हाही कोणाला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. तिसरी मी होते.

हरेश आणि मावशी दोघंही कॉलेजच्या पायरीवर बसले होते. मी सरळ सांगितलं, की हा उंचवटा असा सोडता येणार नाही. तो काढल्याशिवाय औषध बाहेर जाऊ नये, असंच मी लिहिणार.

हरेशने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, पण पहिल्या वेळी आमच्या माणसांना काहीच झालं नव्हतं. म्हणजे आईला चालेल. एकट्या तिला?"

हा प्रश्न येणार, हे मला माहीत होतं. काचेच्या वाटीतल्या पेशी म्हणजे अख्खा माणूस नव्हे, असं काहीतरी मी बोलायला लागले. मावशींनी हात वर करून मला थांबवलं.

"कोनाला बाधतं ते?"

"नावं सांगता येत नाहीत मावशी. एक सांगते. मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "घरात पचतं म्हनून गिऱ्हाईकाला देवाचं नाय. मी कवा दिलंय? आन गिऱ्हाईकाला नाय तर मना पन नको. तू परत कर. नीट कर."

"आये, वरीस जाईल. तू परत पडलीस तर?"

"नाय परत," त्या म्हणाल्या. "खुर्चीवर बसेन."

आणि मी त्या पायरीवर, कॉलेजची पोरं येता-जाता बघत असताना, रडले. लाज वाटली नाही.

नागपूर

निघताना मावशी स्टँडवर आल्या. सुके बोंबील आणि सोडे, तीन पिशव्यांत बांधलेले, तरी आमच्या गल्लीला तीन दिवस पत्ता लागत होता. वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या.

दहा महिन्यांनी माझ्या प्रयोगशाळेत थर्माकोलचा डबा आला. हरेशने एकेक मणी ओवल्यावर धुण्याची सगळी पद्धतच बदलली होती. आलेखही सोबत होता. सुळका एकटा उभा, खांदा सपाट. पण बनवायची रीत बदलली, की तपासणी पुन्हा करावीच लागते. म्हणून डब्यात रक्त देणाऱ्यांची नवी यादीही होती, पनवेलला कोण कोण तयार आहे त्याची, हरेशच्या अक्षरात. यावेळी रकाना होता: नातं. त्यात ओळीने लिहिलेलं, गिऱ्हाईक, गिऱ्हाईक, गिऱ्हाईक, मासे खात नाही, गिऱ्हाईक.

मी पुन्हा पनवेलला गेले, पाच दिवसांची घाई करून. आदल्या वेळी ज्यांच्या पेशी उठल्या होत्या त्यांचं रक्त पुन्हा घ्यावंच लागतं, म्हणून माझंही दिलं. मावशी तेव्हा उरणला लेकीकडे होत्या, भेट झाली नाही. सून म्हणाली, आता खुर्चीवर बसतात, खुर्चीला रोज शिव्या देतात, पण पडल्या नाहीत. यावेळी जिवंत पेशी गोठवून न्यायची सोय झाली होती, त्या घेऊन मी नागपूरला परतले. आठव्या दिवशी ताटल्या पाहिल्या. सगळ्यांच्या वाट्या कोऱ्या होत्या. त्या दोघांच्याही. माझीही.

हरेशला फोन केला. पुढे सरकारी परवानग्या, आणखी महिने जातील, पण माझ्या बाजूने रस्ता मोकळा. "आईला सांगू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "थांब, आधी सही करते." सही केली, मग म्हटलं, "आता सांग."

कागद फाइलला लावताना ती यादी हातात आली. उलटी होती. मागच्या बाजूला, आधी माझ्या नजरेतून सुटलेली, आणखी एक ओळ होती. वर नाव: मॅडम, नागपूर. नात्याच्या रकान्यात हरेशने आईचे शब्द तसेच उतरवले होते: "हिचं नको घेऊ. घरची हाय."